चाळीस मायक्रॉन

शॉपमध्ये भाऊजींना सगळे मायक्रॉन म्हणायचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि भाऊजी अंगाने असे, की दारात उभे राहिले तर आतल्या माणसाला दिवा लावावा लागे. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ठेवणाऱ्याला विनोदाची जाण होती एवढं नक्की. भाऊजींना स्वतःला त्याचं काही वाटत नसे. मापाच्या कामात त्यांचा हात इतका हलका होता, की नाव शोभूनही दिसायचं.

त्यांना भाऊजी म्हणणारी एकटी वहिनी. बाकी साऱ्या शॉपची मात्र ती वहिनीच होती. शॉप म्हणजे धातू कापून सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना, आणि तो दादाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. खालची तीन मशीनं भाऊजींच्या, म्हणजे तिच्या धाकट्या दिराच्या ताब्यात. आणि लोखंडी जिना चढून गेलं की वर काचेची एक खोली होती, ती वहिनीची. तिथे कॉम्प्युटरसमोर बसून ती प्रोग्राम करायची. कटरने धातूत कुठून शिरायचं, किती खोल जायचं, कसं वळायचं आणि कुठून बाहेर पडायचं, ही सगळी वाट ती स्क्रीनवर आखायची आणि खालचं मशीन मुकाट्याने त्या वाटेने चालायचं. घरात तिचं इतकं ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं.

हे काम ती चाळिशीत शिकली. त्याआधी ती खालच्या टेबलावर कागदपत्रं बघायची. मग जुना प्रोग्रामर एका सोमवारी आला नाही, मंगळवारी आला नाही, आणि बुधवारी त्याने दुसऱ्या गावाहून फोन करून सांगितलं की आता येणारही नाही. वहिनीने मशीनचं जाडजूड पुस्तक उघडलं. जे पुस्तकात कळेना, ते भाऊजींनी अंघोळीच्या साबणावर खिळ्याने रेघा ओढून समजावलं. त्या महिन्यात घरात सगळ्यांनी खाचाखोचा पडलेल्या साबणाने अंघोळी केल्या. याला आता सहा वर्षं झाली होती.

त्या खुर्चीत बसलं की तिला सुख वाटायचं. साधीच गोष्ट आहे, पण सांगून टाकलेली बरी. जन्मभर कोणाची तरी मुलगी, बायको आणि सून असलेल्या बाईला एक दिवस कळलं, की आपल्याला गोल काढता येतो आणि तो लोखंडात खराखुरा उतरतो. ज्याला हे झालंय त्यालाच त्याची चव कळेल.

तर अशा सुखात एक नवा ग्राहक आला. त्याचं काम होतं पंपाच्या बॉडीचं. बारा नग हवे होते, आणि त्याने चौदा कास्टिंग, म्हणजे लोखंडाचे ओतीव तुकडे, पाठवली होती, म्हणजे चुकायला मुभा फक्त दोनची. काम सुरू व्हायच्या दिवशी सकाळी नाश्ता करताना दादा म्हणाला, "हा माणूस आपल्याला टिकवायचाच आहे. या वेळी गडबड झाली, तर प्रोग्रामिंग बाहेर देऊन टाकू. एक सल्लागार आहेत, वीस वर्षं हेच करतात. तू पुन्हा खालचं ऑफिस बघ. तुझीही दगदग वाचेल."

गडबड म्हणजे गेल्या खेपेला एका पट्टीला भोक चुकीच्या जागी पडलं होतं. ती चूक वहिनीची होती आणि तिने ती कबूलही केली होती. तिला राग आला तो शेवटच्या वाक्याचा. दगदग वाचवण्याच्या नावाखाली बायकांच्या हातून काय काय काढून घेतलं जातं, याची यादी केली तर ती कुठल्याही प्रोग्रामपेक्षा लांब भरेल. पण ती काही बोलली नाही. समोर भाऊजी बसले होते, तेही बोलले नाहीत. त्यांनी फक्त दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

न बोलणं ही या घराची रीतच होती, आणि ती सासूबाईंनी घालून दिलेली होती. कोणाची चूक दिसली तर तिचा बभ्रा करायचा नाही, गुपचूप नीट करून ठेवायची. शर्टाचं बटण तुटलं की सकाळी ते लावलेलं असायचं, आणि कोणी लावलं हे कोणी विचारत नसे. एकाने नळ उघडा टाकला तर दुसरा बंद करून पुढे जाई. भांडण म्हणून नव्हतं त्या घरात. शेजारच्या बायका सासूबाईंना याचं गुपित विचारायच्या आणि सासूबाई तेही सांगत नसत.

शॉपमध्ये मात्र एक नियम दादाने बोलून घालून दिला होता. वहिनीने मशीनच्या पॅनलला हात लावायचा नाही आणि भाऊजींनी कॉम्प्युटरला. ज्याने त्याने आपापलं बघायचं. सहा वर्षं दोघांनी तो नियम पाळला होता.

सोमवारी पहिलं कास्टिंग मशीनवर चढलं. त्याच्या पोटात एक गोल खोबण करायची होती. त्यात पुढे बेअरिंग बसणार. खोबणीचा व्यास बासष्ट मिलिमीटर, आणि फार तर तीस मायक्रॉन जास्त चालणार होता. लहान झाली तर बेअरिंग आत जात नाही, पण ते कास्टिंग पुन्हा लावून आणखी कापता येतं. मोठी झाली तर बेअरिंग आत सैल फिरतं आणि कास्टिंग भंगारात जातं, कारण कापलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. वहिनीने मधलं माप धरलं होतं, ६२.०१५. वीस मिलिमीटरचा कटर खोबणीच्या कडेने घाण्याच्या बैलासारखा फिरणार होता. कटर नवा होता, तिने तो दादाकडून या कामासाठी मुद्दाम मागून घेतला होता.

जेवणाच्या सुट्टीआधी भाऊजींनी माप घेतलं. माप घेतलं की आकडा खडूने मशीनच्या दारावर लिहायची त्यांची सवय होती, आणि वहिनीच्या काचेतून ते दार समोर दिसायचं. भाऊजींनी लिहिलं, ६१.९७५. क्षणभर त्याकडे पाहिलं, बाहीने पुसून टाकलं आणि छताकडे बघत शीळ घातली. भाऊजींना शीळ येत नसे. नुसती हवा जायची.

वहिनीने तेवढ्यात आकडा वाचला होता. चाळीस मायक्रॉन कमी. केसाची निम्मी जाडी, पण बेअरिंगच्या दृष्टीने दार बंद. थोड्या वेळाने इंटरकॉमवर भाऊजी म्हणाले, "वहिनी, पहिला नग झाला. ठीक आहे. बाजूला ठेवलाय, शेवटी एक हात फिरवू त्यावर."

"माझा प्रोग्राम ठीक आहे ना?"

"एक नंबर."

भाऊजी आपल्याला सांभाळून घेतायत, हे तिच्या लक्षात आलं. कितीदा आकडेमोड तपासली तरी चूक सापडेना. पण चोराच्या मनात चांदणं. त्या पट्टीच्या भोकापासून तिचा स्वतःवरचा भरवसा जरा डळमळलाच होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे पांगले तेव्हा तिने प्रोग्राममध्ये खोबण चाळीस मायक्रॉनने वाढवली आणि कोणालाही न सांगता साठवून ठेवली. मशीन जुनं होतं, त्याच्या डोक्यात पूर्ण प्रोग्राम मावत नसे, म्हणून दर नगाला वरूनच नव्याने पाठवावा लागायचा. दुसऱ्या नगाला नवा प्रोग्राम आपोआप लागणार होता.

संध्याकाळी भाऊजींनी दारावर लिहिलं, ६२.०५५.

या वेळी त्यांनी शीळही घातली नाही. आकडा पुसला, कास्टिंगवर लाल रंगाचा फराटा मारला आणि ते कोपऱ्यातल्या मांडणीवर नेऊन ठेवलं. वर वहिनी हातात पेन घेऊन बसून राहिली. चाळीस वाढवायला गेले आणि ऐंशी वाढलं. म्हणजे सकाळचं लहान माप हा मशीन थंड असल्याचा परिणाम असणार, प्रोग्राम मुळात बरोबरच होता, असं तिने स्वतःला पटवलं आणि आपले चाळीस परत काढून घेतले.

मंगळवारी सकाळचा नग निघाला, ६१.९७५. पुन्हा लहान. तिने पुन्हा चाळीस वाढवले. दुपारचा नग, ६२.०५५. पुन्हा लाल फराटा.

चुकायची मुभा संपली होती. उरलेली दहा कास्टिंग आणि दोन लहान निघालेली, मिळून बरोब्बर बारा. आता एक जरी नग बिघडला तर ग्राहकाचा आकडा भरणार नव्हता, आणि खुर्ची गेलीच म्हणून समजायचं.

दादा दोन दिवस बाहेरगावी होता. मंगळवारी संध्याकाळी आला आणि आल्या आल्या त्याला मांडणीवरचे दोन लाल नग दिसले. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. मशीन बंद करायला सांगून त्याने दोन फोन केले. एक मशीन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला आणि दुसरा त्या सल्लागारांना.

मेकॅनिक बुधवारी सकाळी आला. त्याने मशीनचा पट्टा ओढून पाहिला, डायल लावून स्क्रूची ढिलाई पाहिली, कान लावून बेअरिंगचा आवाज ऐकला. मशीनला दोष देणं सगळ्यात सोपं असतं, ते उलटून बोलत नाही. पण या माणसाला मशीनची बाजू घ्यायची खोड होती. "मशीन ठणठणीत आहे," तो हात पुसत म्हणाला आणि 'नाचता येईना अंगण वाकडं' अशा चेहऱ्याने निघून गेला. सल्लागार गुरुवारी दहाला येणार होते.

मेकॅनिक गेल्यावर वहिनीने एका कागदाच्या पाठीवर चारही मापं एकाखाली एक लिहिली. लहान, मोठं, लहान, मोठं. ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मशीन गरम होऊन फुगलं तर माप कधी तेराने सरकतं, कधी सत्तावीसने. स्क्रू ढिला असेल तर दोन्ही बाजूंना सारखं सरकत नाही. इथे मात्र दर वेळी बरोबर ऐंशी. ना एकोणऐंशी, ना एक्क्याऐंशी. लोखंडाची लहर इतकी मोजूनमापून येत नाही. इतकं नेमकं फक्त माणूस वागतो.

'मी सरकवते चाळीस,' तिने कागदावर लिहिलं. 'खोबण सरकते ऐंशी.' आणि त्याखाली, 'बाकीचे चाळीस कोण सरकवतं?'

उत्तर लिहायची गरज नव्हती. शॉपमध्ये हे गणित येणारी माणसं दोनच होती, आणि त्यातलं एक तीच होती.

भाऊजी चहाला गेले होते. वहिनी जिना उतरून खाली आली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिने पॅनलच्या बटणाला हात लावला. कटर कापून कापून झिजतो, तो किती झिजला हे पॅनलवरच्या एका तक्त्यात भरायचं असतं. मग मशीन तेवढं बाहेर सरकून कापतं. वीसच्या कटरसमोर झिजेच्या रकान्यात आकडा होता, उणे ०.०२०. एका बाजूला वीस मायक्रॉन, म्हणजे व्यासात चाळीस.

"वहिनी, पॅनलला हात?"

भाऊजी मागे उभे होते, हातात चहाचा कप.

"हो. तुम्ही इथे उणे वीस भरलंय."

भाऊजींनी कप मशीनवर ठेवला. मशीनवर कप ठेवणाऱ्याला एरवी ते स्वतः झापायचे. "झिजला असेल म्हणून..."

"नवा कटर पहिल्याच नगाला वीस झिजतो?"

"नाही झिजत," भाऊजी म्हणाले. मग मान खाली घालून म्हणाले, "त्या दिवशी सकाळी दादा बोलला ना, तुमच्या खुर्चीचं. पहिलं माप लहान आलं तेव्हा वाटलं, प्रोग्राममध्ये काहीतरी राहून गेलंय. म्हटलं इथूनच सांभाळून घेऊ. तुमच्या जिवाला कशाला घोर. पुढचा मोठा निघाला तेव्हा परत शून्य केलं. मग लहान आला, मग परत..."

"मी वरून चाळीस वाढवले होते."

"कधी?"

"सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत."

"मीपण सोमवारी जेवणाच्या सुट्टीतच," भाऊजी म्हणाले आणि बोटांवर हिशेब करू लागले. हिशेब पूर्ण झाला तसे ते हसू लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग त्यांनी मशीनचा आधार घेतला. अरुंद दारात समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरकतात, मग दोघंही दुसऱ्या बाजूला सरकतात, तसं हे चार नग चाललं होतं. वहिनीलाही हसू आवरेना. या अवाढव्य माणसाने दोन दिवस तिची काळजी वाहिली होती, आणि त्या काळजीपायी दोन कास्टिंग भंगारात गेली होती. तिला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो फक्त उमाळा.

"मग सोपं आहे," भाऊजी डोळे पुसत म्हणाले. "मी माझं शून्य करतो, तुम्ही तुमचं काढून टाका. अळीमिळी गुपचिळी. दादाला सांगू, मशीन बसलं ठिकाणावर."

वहिनीच्या ओठांवर 'बरं' आलंच होतं. इतकी वर्षं त्या घरात काढल्यावर ते आपोआपच येतं. पण तिने ते गिळलं.

"आणि पहिल्या नगाचं काय? तेव्हा तुम्ही काही केलं नव्हतं, मीही नाही. तरी चाळीस कमी आलं. ते चाळीस कोणी खाल्ले?"

भाऊजींचं हसू थांबलं. त्यांनी कटर सोडवला, पुसला आणि मायक्रोमीटरमध्ये धरला. एकदा मोजलं, फिरवून पुन्हा मोजलं. "एकोणीस पूर्णांक शहाण्णव," ते म्हणाले. वीसचा कटर चाळीस मायक्रॉन बारीक होता. प्रोग्राम बरोबर, मशीन बरोबर, आणि कटर मात्र खोक्यावर लिहिलेल्या मापापेक्षा लहान. भिंग लावून पाहिलं तर धारेवर सहाणेच्या बारीक रेघा दिसल्या. हा नवा कटर नव्हता. जुन्याला धार लावून नव्या खोक्यात ठेवलेला होता, आणि धार लावली की कटर थोडा बारीक होणारच.

कटरच्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे असायची. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"दादाला कोण सांगणार?" भाऊजी म्हणाले.

"बघू उद्या," वहिनी म्हणाली. तिने कटर आणि मायक्रोमीटर एका स्वच्छ फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले. कसलीही दुरुस्ती करायची नाही, सगळं आहे तसं राहू द्यायचं, असं तिने भाऊजींना बजावलं. भाऊजींना ते फार जड गेलं. बिघडलेली वस्तू डोळ्यांसमोर तशीच ठेवणं त्यांना जमतच नसे.

गुरुवारी सल्लागार वेळेवर आले. किडकिडीत बांधा, खांद्याला पिशवी, आणि आत येण्यापूर्वी पायपुसण्याला चपला नीट पुसल्या. माणूस सज्जन होता, आणि वहिनीला त्याचंच वाईट वाटलं; उद्धट असता तर मनातल्या मनात चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्यांनी वर येऊन आधी प्रोग्राम वाचला, अगदी ओळ न ओळ, मध्ये एक शब्दही न बोलता. मग सगळे खाली मशीनपाशी आले.

"लहान, मोठा, लहान, मोठा," ते म्हणाले. "नगांच्या मध्ये कोणी काही बदललं का?"

"छे," दादा म्हणाला. "आमच्याकडे शिस्त आहे. हिने पॅनलला हात लावायचा नाही, त्याने कॉम्प्युटरला."

वहिनीने एकदा दिराकडे पाहिलं. आता बोललं तर बाहेरच्या माणसासमोर आपण लपवाछपवी केल्याचं कबूल होणार, आणि नवऱ्याला हवं असलेलं कारण आपणच त्याच्या हातात देणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. न बोलता उभं राहणं किती सोपं होतं.

"मी बदललं," ती म्हणाली. "पहिला नग लहान आला, तेव्हा मी प्रोग्राममध्ये चाळीस मायक्रॉन वाढवले. कोणाला सांगितलं नाही. मग काढले, मग पुन्हा वाढवले."

"आणि मी पॅनलवर वाढवले," भाऊजी घाईघाईने म्हणाले. "तिने वाढवले तेव्हाच. काढलेही तेव्हाच." वहिनीला ते तोंडावर कधी 'ती' म्हणत नसत. भांबावले होते.

दादाचा चेहरा लाल झाला. परक्यासमोर काय बोलणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ. "म्हणजे दोन नग तुम्ही दोघांनी मिळून..." एवढं म्हणून तो थांबला.

तिसरी गोष्ट वहिनीला ठाऊक होती आणि ती तिने तोंडावाटे काढली नाही. ती त्याची त्याने बोलावी, असं तिने ठरवलं होतं. तो बोलला नाही तर काय करायचं, ते काही ठरवलं नव्हतं.

सल्लागारांचं लक्ष फडक्याकडे गेलं. त्यांनी कटर उचलला, मोजला आणि उजेडात धरला. "हा शहाण्णव आहे. प्रोग्राममध्ये वीस पूर्ण धरलाय. हा नवा नाही, धार लावलेला आहे." त्यांनी आळीपाळीने तिघांकडे पाहिलं. "हे ठाऊक होतं कोणाला?"

शॉपमध्ये पलीकडच्या दोन मशीनांचा आवाज चालू होता. दादाने कटरकडे पाहिलं, मग खोक्याकडे, मग बायकोकडे. तिच्या तोंडाकडे पाहून त्याला कळलं, की हिला आधीच ठाऊक आहे आणि तरी ती बोललेली नाही.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मीच धार लावून आणला." मग सल्लागारांना विसरून तो वहिनीला सांगू लागला. "तू नवा मागितला होतास. दुकानात नव्हता, दहा दिवस लागतील म्हणाला. नव्या ग्राहकाच्या वेळी तुला नाही म्हणवेना. कपाटातला जुना बरा होता, त्याला धार लावली नि खोक्यात ठेवला. म्हटलं, तुला कशाला काळजी."

"धार लावलेला चालतो हो," वहिनी म्हणाली. "किती उरला तेवढं सांगायचं. मी तो आकडा प्रोग्राममध्ये घालते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे."

"हो," दादा म्हणाला.

सल्लागारांनी कटर जपून फडक्यावर ठेवला. "वीस वर्षं मी शॉपमधून फिरतोय," ते म्हणाले. "माणसं एकमेकांच्या चुका दाखवतात आणि त्यात काम बिघडतं. तुम्ही तिघांनी एकमेकांना इतकं सांभाळलंत, की नग सांभाळायचा राहिला."

भाऊजींना हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. वहिनी मात्र हसली नाही. तिला जे बोलायचं होतं ते अजून उरलं होतं, आणि आज नाही बोललं तर या घरात ते पुन्हा कधीच बोलणं व्हायचं नाही, हे तिला माहीत होतं.

"प्रोग्रामिंग बाहेर द्यायचं असेल तर द्या," ती दादाला म्हणाली. "पण माझा प्रोग्राम चुकला म्हणून देऊ नका. तो चुकला नव्हता. आणि माझी दगदग वाचेल म्हणून तर मुळीच देऊ नका. मला ती आवडते."

दादाने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ही बाई पुढे तिसरं काय सांगणार आहे याची त्याला धास्ती वाटत होती. "आधी नग होऊ देत," तो म्हणाला.

नग झाले. भाऊजींनी पॅनलवर शून्य केलं आणि ते मोठ्याने म्हणून दाखवलं. वहिनीने आपले चाळीस काढले, कटरचा खरा आकडा १९.९६ घातला आणि तोही जिन्यावरून ओरडून सांगितला. आधी लहान निघालेल्यांपैकी एक नग लावला, म्हणजे चुकलंच तर थोडक्यात कळेल. कटर फिरला, भुकटी उडाली. भाऊजींनी खोबण पुसून माप घेतलं, ६२.०१४. सल्लागारांनी तपासणीचा गेज आत सरकवला. एक टोक अलगद गेलं, दुसरं टोक, जे जायला नको होतं, ते गेलं नाही. त्यांनी चहा घेतला, प्रोग्रामबद्दल एक शंका वहिनीला विचारली, तिचं उत्तर आपल्या वहीत लिहून घेतलं आणि पिशवी खांद्याला लावून गेले.

रात्रीही मशीन चालवून सोमवारी संध्याकाळपर्यंत बाराही नग तयार झाले. शेवटच्या नगापर्यंत दोन्ही भाऊ आणि वहिनी एकमेकांना इतके आकडे सांगत होते, की पलीकडच्या मशीनवरचा माणूस कानाला फडकं बांधून बसला. मंगळवारी माल गेला. ग्राहकाला दोन कास्टिंग का बिघडली ते दादाने खरं काय ते सांगितलं. ग्राहक बराच वेळ फोनवर हसत होता, आणि दादाला ते हसणं मुळीच आवडलं नाही. खुर्चीबद्दल मात्र तो घरी बोलला नाही, शॉपमध्येही नाही. वहिनीनेही विचारलं नाही. एकदा बोलून झालं होतं, आता पाळी त्याची होती.

बुधवारी सकाळी वहिनी पुढच्या कामाची वाट आखत बसली होती, तेव्हा दारावर टकटक झाली. काचेच्या दारावर कोणी टकटक करत नाही; आतलं माणूस बाहेरून दिसतच असतं. तिने मान वर केली. बाहेर दादा उभा होता, हातात फडक्यात गुंडाळलेले तीन कटर. बावीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिच्या कुठल्याही दारावर टकटक केलेली तिला आठवत नव्हती.

"आत या की."

तो आत आला. "हे धारेहून आलेत. म्हटलं, खाली द्यायच्या आधी तुला दाखवावेत. किती उरलेत ते तू मोजून घे, मग मी भावाकडे देतो." थोडं थांबून म्हणाला, "आणि त्या सल्लागारांना कळवलं. म्हटलं, आमच्याकडे प्रोग्रामर आहे."

वहिनीने मायक्रोमीटर उघडला. डोळे जरा पाणावले होते, त्यामुळे पहिला आकडा तिला दोनदा वाचावा लागला. खोलीत खुर्ची एकच होती, आणि एरवी नवरा वर आला की ती उठून त्याला द्यायची. आज ती बसूनच मोजत राहिली, आणि दादा शेजारी उभं राहून ती सांगेल ते आकडे एकेक करून खोक्यांवर लिहीत गेला.